पेट्रोल आहे, पण पोचतंय का?

मैत्रिणींनो, वापरलेली मोटरसायकल घरात आली की पहिले आठ दिवस तिचे लाड होतात. हार होतो, नारळ फुटतो, हँडलला लिंबू-मिरची लटकते. मग एके दिवशी ती भर रस्त्यात आचके देऊन बंद पडते आणि घरातलं वातावरणच बिघडतं. "तरी मी म्हणत होते, थोडे थांबून नवी घेऊ," असं एक जण म्हणतं. "नवीला पैसे काय झाडाला लागलेत?" असं दुसरं. आणि या बोलाचालीत एक साधा प्रश्न कुणी विचारतच नाही : गाडी बंद पडली ती कशी पडली?

तुम्ही म्हणाल, या बाईंनी आज मसाल्याचा डबा सोडून कार्बोरेटर कुठं हातात घेतला! पण तालुक्याच्या गावात अशी गाडी म्हणजे काही चैन नाही. सकाळचं दूध, मुलांची शाळा, ह्यांची नोकरी आणि आपल्यापैकी कितीजणींचे डबे, शिवणकाम, शिकवण्या तिच्याच मागच्या सीटवर बसून चालतात. ती चार दिवस गॅरेजात राहिली तर चार दिवसांची मिळकत जाते. शिवाय दुरुस्तीचे पैसे शेवटी निघतात कुठून? भिशीतून, नाहीतर डाळीच्या डब्यातून. तेव्हा हा विषय 'त्यांच्या' खात्यातला म्हणून सोडून देणं आपल्याला परवडणारं नाही.

आधी एक खुलासा. मी बोलतेय ती कार्बोरेटरच्या गाडीबद्दल. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पुढं शंभर सीसीच्या चार स्ट्रोक गाड्या गावोगाव पोचल्या. वापरलेल्या म्हणून आपल्याकडे विकायला येतात त्यांत याच जातीच्या पुष्कळ असतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात टाकीतच विजेचा पंप असतो आणि पाइपात पेट्रोल दाबानं खेळतं. तुमची गाडी तसली असेल तर पाइपाला हात लावू नका. ते काम गॅरेजचंच.

जुन्या गाडीची रचना मात्र आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी सरळ आहे. वर टाकी, टाकीखाली कॉक, कॉकपासून रबरी पाइप, पाइप कार्बोरेटरला. पंप नाही, काही नाही. पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. स्वयंपाकघरातला नळ बारीक झाला की आपण काय करतो? लगेच फरशी उखडतो का? आधी टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, मग नळाची जाळी. इथंही तोच क्रम. आणि मुख्य म्हणजे या वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणची खोड वेगवेगळ्या रीतीनं बोलते. ते बोलणं ऐकणारं माणूस घरात असलं तर गॅरेजवाल्याला अंदाजानं एकेक वस्तू बदलत बसावं लागत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींचंच उदाहरण सांगते. त्या पोळीभाजीचे डबे देतात, भाऊजी चौदा किलोमीटरवरच्या कारखान्यात जातात. अठ्ठावीस हजारांना गाडी घेतली आणि महिन्याभरात तिनं वाटेत बंद पडायला सुरुवात केली. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. मेकॅनिककडे नेली की तिथं शहाण्या मुलासारखी उभी, एका किकमध्ये चालू! त्यानं आधी प्लग बदलला, मग कॉइल बदलली. चौदाशे रुपये झाले. तरी तेच. मग तो म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल, साडेसहा हजार धरून चाला." वहिनी स्वतः विचारायला गेल्या तर, "साहेबांना पाठवून द्या ताई, तुम्हाला नाही समजायचं."

वहिनींना समजलं नाही ते एवढंच, की गाडी पेट्रोल भरल्यावरच का रुसते. दूधवाल्याचा हिशेब त्या कॅलेंडरवर लिहितात, त्याच चौकटीत पेट्रोलचे पैसेही लिहीत होत्या. गाडी बंद पडली की तिथंच एक फुली मारत. महिन्याचं पान पाहिलं तर प्रत्येक वेळी पाचशेचं पेट्रोल भरल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन-दोन फुल्या, आणि टाकी रिकामी होत आली की फुल्या नाहीशा. टाकी भरलेली असली की दोन-तीन किलोमीटरवर बंद, अर्ध्याखाली गेली की आठ-दहा किलोमीटर बिनतक्रार. घरातल्या सगळ्यांनी निकाल लावून टाकला, की पंपावर भेसळ आहे. पंप बदलला. फुल्या काही बदलल्या नाहीत.

आता तुम्ही सांगा, तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना आपण किती भोकं पाडतो? दोन. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून आत हवा जाते. दुसरं भोक विसरलं की तेल गडगड करून थांबतं. पेट्रोलच्या टाकीचंही तसंच आहे. तिच्या झाकणात हवा आत घेण्यासाठी बारीक छिद्र असतं. जेवढं पेट्रोल खाली उतरेल तेवढी हवा वरून आत यायला हवी. ते छिद्र बुजलं तर आत निर्वात होऊ लागतो आणि पेट्रोलची धार बारीक होत होत बंद पडते. थोडा वेळ थांबलं की कुठूनतरी फटीतून थोडी हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालू.

आणि भरल्या टाकीतच हे लवकर का व्हावं? कारण टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी. त्या थोड्याशा हवेवर ताण पटकन पडतो. टाकी अर्धी असली की हवेचा साठा मोठा, मग तो बराच वेळ ताणत राहतो. सातवीच्या मुलांना हवेचा दाब शिकवताना मी पेला आणि पुठ्ठ्याचा प्रयोग करते. त्याहून चांगला प्रयोग वहिनींच्या अंगणात उभा होता.

पुढच्या वेळी गाडी थांबली तेव्हा भाऊजींनी काहीही न करता फक्त टाकीचं झाकण उघडलं. 'फुस्स' असा हवा ओढल्याचा आवाज आला, झाकण सैल ठेवलं आणि मिनिटाभरात गाडी सुरू. घरी आणून पाहिलं तर आधीच्या मालकानं पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर गोल कापून झाकणाच्या आत घट्ट बसवलेलं! रबर काढलं, छिद्रात फुंकर मारून हवा आरपार जाते ना ते पाहिलं, झालं. इंजिन आहे तसं आहे, साडेसहा हजारही आहेत तिथंच आहेत.

पावसाळ्यात झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. तुमच्याकडे असेल तर आजच काढा. पाणी जातच असेल तर झाकणाचं गॅस्केट बदलून घ्या. गाडी उभी असताना वरून कापड किंवा कव्हर घाला; पण चालत्या गाडीचा श्वास कोंडू नका. गाडी पॉलिश करताना पांढरी पेस्ट त्या छिद्रात भरते, तीही पुसून काढायला सांगा.

झाकण उघडूनही फरक पडला नाही तर दुसरी जागा कॉक. याला तीन खुणा असतात : चालू, बंद आणि रिझर्व्ह. टाकीच्या आत कॉकची एक नळी उंच उभी असते. 'चालू'वर पेट्रोल तिच्या टोकातून येतं. पातळी त्या टोकाखाली गेली की गाडी अडखळते, आपण रिझर्व्ह करतो आणि तळाजवळच्या भोकातून उरलेलं पेट्रोल मिळतं. वापरलेली गाडी घेतलीत तर आधी कॉक कुठल्या खुणेवर आहे ते बघा. कित्येकांना तो कायम रिझर्व्हवर ठेवायची सवय असते. मग पेट्रोल संपत आल्याची सूचनाच मिळत नाही, ते एकदम संपतं, आणि आपण मात्र गाडीत काय बिघडलं म्हणून किक मारत बसतो. उलट, पेट्रोल भरपूर असून गाडी फक्त रिझर्व्हवरच चालत असेल तर उंच नळीची वाट बुजलेली आहे, हे मेकॅनिकला सांगा. तेवढ्यावर त्याला पुरेसं समजतं.

बरेच महिने उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीला आतून गंज धरलेला असण्याचा संभव मोठा. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात बघा. (काडी ओढून बघणारे महाभाग आहेत, म्हणून मुद्दाम सांगते!) चहाच्या गाळासारखी तांबूस भुकटी दिसली तर ती कॉकच्या जाळीत आणि पुढं कार्बोरेटरमध्ये जाणारच. अशा गाडीचा कार्बोरेटर आज साफ केला तरी पंधरा दिवसांनी पुन्हा भरतो, आणि आपण म्हणतो मेकॅनिकनं फसवलं. आधी टाकी आणि जाळी, मग कार्बोरेटर, असा क्रम हवा.

कॉकपर्यंत सगळं ठीक आहे का हे पाहायची परीक्षा सोपी आहे, पण ती अंगणात, इंजिन थंड असताना, आणि घरातला शेगडी-निरांजन-उदबत्तीचा विस्तव दूर ठेवूनच करायची. मुलांनाही जवळ येऊ द्यायचं नाही. कॉक बंद करा, कार्बोरेटरकडचं पाइपाचं टोक पकडीनं क्लिप सैल करून काढा, ते एका पत्र्याच्या डब्यात धरा आणि कॉक उघडा. सलग धार यायला हवी. थेंब थेंब आलं किंवा धार येऊन मंदावली तर अडथळा वरच्या बाजूला आहे. मंदावल्यावर झाकण उघडताच धार पुन्हा जोमात आली तर झाकणाचं छिद्र. नाही आली तर कॉक, जाळी किंवा पाइप. आणि धार छान असूनही गाडी रडतेय तर पुढचा दोष कार्बोरेटरचा. पाइप तोंडानं ओढून पाहायचा नाही, टाकीतही तोंडानं फुंकायचं नाही. आमच्याकडे पूर्वी सर्रास करत, म्हणून काही ते शहाणपण ठरत नाही.

पाइपाबद्दल आणखी एक. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आपल्याकडच्या ऊस कारखान्यांच्या मळीपासूनही ते तयार होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वायसर याच्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, भेगाळतात. पाइप बोटानं दाबून बघा. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा लागला तर बदलून घ्या, फार खर्च नाही. नवा पाइप गरजेपेक्षा लांब बसवला तर तो मुडपतो आणि टाकीखाली दबतो, एवढं लक्षात असू द्या.

इथेनॉलची दुसरी खोड म्हणजे ते पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून जातं, ते जळूनही जातं. पण प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कॉक तळाशीच! मग गाडीला पेट्रोलऐवजी हेच पाजलं जातं. पावसाळ्यात भिजलेली गाडी सकाळी सुरूच होत नसेल तर हे आधी तपासायला सांगा. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सैल करून निघालेलं पेट्रोल काचेच्या पेल्यात धरलं (तो पेला पुन्हा स्वयंपाकघरात नको) आणि दोन मिनिटं ठेवलं की दोन थर किंवा तळाशी पाण्याचे मणी स्पष्ट दिसतात.

आता कार्बोरेटर. नाव मोठं असलं तरी आत आहे काय? एक वाटी, वाटीत तरंगणारा फ्लोट, त्याच्यावर टेकलेली सुई, आणि पितळेचे दोन बारीक जेट. फ्लोट म्हणजे गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळाच. वाटी भरली की तो वर उचलला जातो आणि सुई पेट्रोल बंद करते. जेटांपैकी लहान असतो तो गाडी नुसती उभी फुरफुरत असताना पेट्रोल देतो, मोठा असतो तो वेगात.

म्हणून गाडी चोक ओढल्यावरच चालते, चोक सोडला की मरते, चौकात सिग्नलला उभी राहत नाही, पण एकदा वेग घेतला की बरी धावते, असं असेल तर लहान जेटमध्ये कचरा. उभी छान फुरफुरते, पण चढावर दम जातो, दोघं बसलं की पिकअप नाही, असं असेल तर मोठा जेट किंवा पेट्रोलच कमी पोचतंय. पेट्रोलचा वास येतो, गाडीखाली सकाळी डाग दिसतो, अ‍ॅव्हरेज घटलं, प्लग काजळीसारखा काळा, तर सुई नीट टेकत नाही किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडालाय. या शेवटच्या दुखण्यात दिरंगाई नको. पेट्रोल वाहून इंजिनातल्या ऑइलमध्ये उतरू शकतं आणि पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर इंजिनकाम खरोखरच निघतं. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. आणि रात्री गाडी उभी करताना कॉक बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. गॅसचा रेग्युलेटर बंद करतो तसाच.

जेट साफ करायला सेफ्टी पिन, सुई, तार काहीही घालू देऊ नका. पितळ मऊ असतं. भोक वाढलं की पेट्रोल कायमचं जास्त जाऊ लागतं आणि जेट नवाच घ्यावा लागतो. हवेच्या पंपानं फुंकून घ्यायचं.

प्लगही बोलतो. बऱ्याच किका मारून काढलेला प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल तिथवर गेलेलंच नाही. ओला चिंब असेल तर पेट्रोल पोचतंय, दोष दुसरीकडे. गाडी चालती-चालती दिवा मालवावा तशी फटकन बंद झाली तर बहुधा विजेचं काम. आचके देत, दम टाकत बंद झाली तर बहुधा पेट्रोलचं. वहिनींची गाडी आचके देऊन बंद पडायची. हे एक वाक्य पहिल्या दिवशी कुणी विचारलं असतं तर कॉइलचे पैसे वाचले असते.

म्हणून गॅरेजात जाताना "गाडी बंद पडते, बघा हो" एवढंच सांगू नका. किती किलोमीटरवर बंद पडते, पेट्रोल किती होतं, कॉक कुठं होता, चोकनं फरक पडतो का, झाकण उघडल्यावर काय झालं, हे कागदावर लिहून द्या. "साहेबांना पाठवा" म्हणाला तर तो कागदच त्याच्या हातात ठेवा. बदललेली जुनी वस्तू परत मागून घ्या. आणि गाडी त्याच्या दारात चांगली चालत असेल तर त्याला मागं बसवून, टाकी असेल तशी घेऊन, ती जिथं बंद पडते तिथपर्यंत नेऊन दाखवा. दुखणं ऐन वेळी दाखवलं तर डॉक्टरलाही कळतं.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, सुट्टीत गावी जाणार असाल, तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी निथळून ठेवायला सांगा. वाटीत सुकलेलं पेट्रोल चिकट होऊन जेट बुजवतं. निथळलेलं पेट्रोल मात्र पाण्याच्या बाटलीत भरून मोरीत किंवा माळ्यावर ठेवायचं नाही. स्वच्छ असेल तर टाकीत परत ओता, पाणी-कचरा असेल तर गॅरेजात देऊन टाका. लहान मुलाला पाण्याची बाटली ही पाण्याचीच वाटते. चुकून एखाद्यानं घोट घेतलाच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. पेट्रोल उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर जास्त घातक. तोंड पुसून, कपड्यांवर सांडलं असेल तर ते बदलून, तसंच उचलून दवाखान्यात न्या, आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना आधी सांगा.